सीटखालची बॅटरी

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली, ती बायकोसाठी. आमचं घर भोरला आणि तिची नोकरी वेल्ह्याला, तालुक्याच्या कचेरीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नसरापूरला एसटी बदलून जाणं तिला जमेना. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. मी म्हणालो, मी सोडतो. सकाळी आठला निघायचं, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत पावणेदहाच्या आत तिला कचेरीच्या दारात उतरवायचं. मग दिवसभर मी वेल्ह्यातच. बाजारातल्या हॉटेलात पेपर वाचायचा, चढावर थोडं हिंडायचं, दुपारी गाडीतच आडवं व्हायचं, आणि कचेरी सुटली की दोघं परत. लोक म्हणायचे, सर, बायकोचं फार करता तुम्ही. मला ते ऐकायला आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या आवडण्याचाही हात आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. एकतीस वर्षं.

त्या व्हॅनची बॅटरी पुढं इंजिनाजवळ नसते. डावीकडच्या सीटखाली असते, म्हणजे माझी बायको जिथं बसायची तिच्या बरोबर खाली. शिमग्याच्या आधी एका सकाळी गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली. ढकलून सुरू केली आणि स्टँडच्या पुढं एका बॅटरीवाल्या मिस्तरीकडं नेली. साठीचा माणूस, भोंगवलीहून रोज मोटरसायकलवर येणारा. डावा डोळा पांढरा पडलेला. बोलणं कमी, काम सावकाश. त्यानं सीट वर केली, दोन्ही दारं सताड उघडी ठेवली, आधी निगेटिव्हची पट्टी सोडली, मग पॉझिटिव्हची, आणि जुनी बॅटरी उचलता उचलता थांबला.

"सर, ही नळी गेली बगा."

बॅटरीच्या कुशीतून निघून गाडीच्या तळातल्या भोकात जाणारी एक काळी बारीक नळी होती. त्यानं बोटांत धरली तर तिचे शेवयांसारखे तुकडे पडले.

"कशाची नळी?" मी विचारलं.

"बॅटरीची वाफ भायेर जायाची. हिची बॅटरी आत हाय ना, मानसं बसत्यात तितं. वाफ आत कोंडाय नको."

"अहो, ही नवी बॅटरी सीलबंद आहे. पाणीसुद्धा घालावं लागत नाही. हिच्यातून काय बाहेर येणार?"

त्यानं नवी बॅटरी माझ्याकडं वळवली आणि वरच्या कडेजवळचं एक छोटं भोक दाखवलं. "सीलबंद म्हंत्यात, पर श्वास घ्यावाच लागतो तिला. ह्यो बगा. हितं प्लास्टिकचा वाकडा कोपरा बसतो, कोपऱ्याला नळी, आन नळी पत्र्यातनं खाली, भायेर. चार्जिंग जास्त झालं तर निस्ती वाफ न्हाई, ॲसिड उडतं."

"मिस्तरी, मी एकतीस वर्षं हायड्रोजन शिकवलाय."

त्यानं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. "म्या शिकलो न्हाई सर. पर बगितलाय." आणि पाना पुसत त्यानं सांगितलं की तरुणपणी दुसऱ्याच्या दुकानात कामाला असताना बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या, खोलीला खिडकी नव्हती आणि सोबतच्या गड्यानं विडी पेटवली. एवढंच सांगितलं. बाकीचं त्याच्या डोळ्यात दिसत होतं.

तशी नळी आणि कोपरा त्याच्याकडं नव्हता. पुण्याहून मागवावा लागणार होता. "परवा या. धा मिन्टाचं काम हाय. तवर मॅडमना मागं बसवा आन काचा खाली ठेवा. एखादी दुसरी मऊ नळी लावू नका, सीटखाली दबली तर असून नसल्यावानी."

मी हो म्हणालो. परवा कामाचा दिवस होता, तेव्हा गेलो नाही. त्यानं फोन केला, नळी आलीय. मी म्हणालो, येतो. आठ दिवसांनी पुन्हा फोन आला, मी पुन्हा येतो म्हणालो. गाडी एका किल्लीत सुरू होत होती. पण खरं कारण तेही नाही. चौथी शिकलेल्या माणसानं मला वायूचे गुणधर्म सांगावेत, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की फट् असा आवाज येतो आणि पोरं दचकून हसतात, हा प्रयोग मी किती वर्गांपुढं केला असेल! त्या आवाजाचा आणि माझ्या गाडीचा काही संबंध असू शकतो, असं मनाला शिवलं नाही म्हटलं तर खोटं होईल. शिवलं होतं. मी ते बाजूला सारलं.

बायकोला यातलं काही सांगितलं नाही. ती पुढंच बसत राहिली. नसरापूरच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं आणि धूळ नको म्हणून काचा वर असायच्या.

आमच्याकडं धुण्याभांड्याला एक बाई यायच्या. नदीच्या बाजूच्या वस्तीत राहायच्या, आमच्या गल्लीत चार घरची कामं करायच्या. आमच्याकडं त्यांना अकरा वर्षं झाली होती. आमच्यापेक्षा वयानं लहान, तरी बायको त्यांना मावशी म्हणायची आणि त्या तिला वहिनी म्हणायच्या. नवऱ्यामागं दोन मुलींची लग्नं त्यांनी या चार घरांवर केली. मी त्यांना कायम अहो-जाहो केलं. तसं करतो याचाही मला अभिमान होता.

चैत्रात बायकोच्या एका साडीला भोकं पडलेली दिसली. पाठीमागच्या बाजूला, पोटरीच्या उंचीला, हरभऱ्याएवढी चार-पाच. तिनं मावशींना विचारलं, कुठं खिळ्याला वगैरे अडकली का. त्या म्हणाल्या, "न्हाई वो वहिनी. पान्यातनं काडली तर अशी निघाली." मग दुसरी साडी. मग तिसरी, तिच्या भाचीच्या लग्नातली, जरीकाठाची सुती. बायको रडली नाही, पण ती साडी तिनं घडी करून कपाटात तळाशी ठेवली.

मग मी शोध लावायला बसलो.

भोकांच्या कडा मी भिंगाखाली पाहिल्या. धागे ओढून तुटलेले नव्हते, कुरतडलेले नव्हते. जळल्यासारखे तपकिरी होते आणि नखानं दाबले तर भुगा व्हायचा. ॲसिड. याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही, आणि त्यात मी चुकलोही नव्हतो. घरात ॲसिड कुठं असतं? संडास-बाथरूम धुवायच्या बाटलीत. बाथरूम कोण धुतं? मावशी, दर शनिवारी. झालं. मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो, आधी निरीक्षण लिहा, मग अनुमान. मी मात्र अनुमान लिहून मोकळा झालो होतो, आणि निरीक्षण तेवढं गोळा करायचं उरलं होतं.

शनिवारी मावशी आल्या. बाथरूम धुऊन झालं, धुण्याचा ढीग त्यांनी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर आणून ठेवला. मी आत गेलो, ढिगातून बायकोची आदल्या दिवशीची साडी ओढली, मागचा काठ पाण्याचे दोन थेंब टाकून ओला केला आणि त्यावर निळा लिटमस कागद दाबला. शाळेतून आणलेल्या पट्ट्या माझ्या टेबलाच्या खणात होत्या. कागद लाल झाला. मी तो हातात धरून बाहेर ओट्यावर आलो आणि मावशींना हाक मारली.

"हे बघ. ॲसिड आहे. ॲसिडचे हात न धुता कपड्यांना लावतेस तू."

अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा 'तू' म्हणालो. त्या कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"सर, ही साडी तर म्या अजून पान्यात बी घातली न्हाई."

"बाटलीजवळ ठेवलीस ना? मग शिंतोडे उडणारच."

"बाटली खाली व्हती, साडी वर कट्ट्यावर. आन माझे हात बगा की वो. ॲसिडचे हात असते तर हातच ऱ्हायले असते का?" त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले.

मी पाहिले नाहीत. म्हणजे दिसले, पण पाहिले नाहीत. माझा आवाज वर्गातला होता. समोरच्या दोन घरांतल्या बायका गॅलरीत आल्या होत्या, तिसऱ्या घरातले काका फाटकाशी थांबले होते, आणि मी तो लाल कागद उंच धरून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं आम्ल, कापूस, तंतू असं काहीतरी समजावून देत होतो. माझी बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, आत चला." मावशींच्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. बोलली असती तरी मी ऐकलं नसतं, हेही तितकंच खरं.

मावशींनी पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि गेल्या. ढीग तसाच कट्ट्यावर राहिला.

महिन्याभरात गल्लीतल्या बाकीच्या तीन घरांनीही त्यांना कामावरून कमी केलं. आम्ही धुण्याचं मशिन आणलं.

भोकं थांबली नाहीत. मी म्हणालो, जुनंच ॲसिड आहे, कापडात मुरलेलं, आता कुठं परिणाम दिसतोय. बायको मान हलवायची. तिला खोकला लागला होता. गाडीत बसलं की डोळे चुरचुरायचे, पुसत पुसत वेल्ह्यापर्यंत जायची. "गाडीत नासक्या अंड्यासारखा वास येतोय हो," ती म्हणायची. मी म्हणायचो, बाहेरून येतोय, कुठंतरी कोंबड्यांची शेड असेल. पुढच्या दिव्याचे बल्ब महिन्यात दोनदा उडाले. मी नवे घातले. डॉक्टरांनी तिला धुळीची ॲलर्जी सांगितली आणि मी काचा आणखी घट्ट लावून घेतल्या.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, निघायच्या वेळेला, गाडी अजिबात सुरू होईना. ढकलायला ओळखीचे दोघं आले, तरी नाही. नाइलाजानं मिस्तरींना फोन केला. ते मोटरसायकलवर घरी आले. बायको पर्स खांद्याला लावून, जेवणाचा डबा हातात धरून गाडीपाशीच उभी होती.

मिस्तरींनी सीट उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. मी वाकून पाहिलं. बॅटरीभोवतीचा पत्रा खपल्या धरून सुटला होता, टर्मिनलवर हिरवा-पांढरा भुसा चढला होता, आणि सीटच्या पोटाला लावलेलं जाड कापड पुढच्या कडेनं पार विरून लोंबत होतं. बॅटरीच्या बाजूचं ते छोटं भोक, ज्याला कोपरा बसायचा होता, ते उघडंच होतं, बरोबर त्या कडेकडं तोंड करून. बसल्यावर पोटरीमागची साडी सीटला जिथं टेकते ती जागा.

मिस्तरींनी बायकोकडं वळून विचारलं, "मॅडम, तुमच्या साड्यांस्नी भोकं पडत्यात का?"

तिनं मिस्तरींकडं पाहिलं. तिनं विचारलं, "यांना सांगितलं होतं तुम्ही?"

मिस्तरी माझ्याकडं बघत पाना पुसू लागले. सभ्य माणूस. तिनं पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले, "व्हय. नळी येऊन पडलीय दुकानात. दोनदा फोन केल्ता."

बायकोनं डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली, त्या गुडघ्यानं. मी हाक मारली, ती थांबली नाही.

त्या दिवशी मिस्तरींनी नवी बॅटरी बसवली. मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं, कोणी न सांगता. दारं उघडी. आसपास विडी-काडी नाही. खायचा सोडा पाण्यात कालवून त्यांनी तो पत्र्यावर ओतला. फेस आला, खळखळला, मग पुन्हा ओतला, फेस यायचा थांबेपर्यंत. पत्रा कोरडा करून घासून रंग मारला. मीटर लावून दाखवलं की गाडी चालू असताना काटा सोळा व्होल्टवर जात होता. "चवदा, साडेचवदा. त्याच्या वर न्हाई जायाला पायजे. म्हनून तर उकळत व्हती बॅटरी. बल्ब गेलं असत्याल?" मी म्हणालो, गेले होते. चार्जिंग आवरणारा तो छोटा भाग त्यांनी बदलला. बॅटरी पट्टीनं आवळून बसवली, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. भोकात कोपरा, कोपऱ्याला नळी, नळीला कुठं मुरड नाही हे बोट फिरवून पाहिलं, खाली रबरी बुचातून ती गाडीच्या तळाबाहेर वीतभर काढली. मग स्वतः जमिनीवर आडवे होऊन खालून टोक तपासलं. दहा मिनिटं म्हणाले होते, नळीला तेवढीच लागली.

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मावशींकडं जायला मला चार दिवस लागले. बायकोला म्हणालो, दोघं जाऊ. ती म्हणाली, "तुम्ही तुमचं जा. मी दारात उभी राहून गप्प बसले, त्याचं काय करायचं ते मी बघेन."

मावशी आता मंगल कार्यालयात भांडी घासायला जात होत्या. मुदपाकखान्यातली पातेली, टोप, झारे. मी दुपारी गेलो तेव्हा त्या घराच्या पायरीवर बसून तळव्यांना तेल चोळत होत्या. उठल्या, आत जाऊन खुर्ची आणली, पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बॅटरी, नळी, फोन, सगळं. आडपडदा ठेवला नाही. माफ करा म्हणालो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिशी म्या काय म्हनले व्हते, सर? साडी पान्यात घातली न्हाई, आसं म्हनले व्हते का न्हाई?"

"म्हणाला होतात."

"ऐकू आलं व्हतं तुमास्नी?"

"आलं होतं."

"मंग हितं कशाला सांगताय? माजं मला म्हाईतच हाय. गल्लीत सांगा."

मी बरं म्हणून निघालो. त्यांनी फाटकापर्यंत पोचवलं नाही. तिथं फाटक नव्हतंच, पण पूर्वी कुठंही भेटलं तरी त्या चार पावलं बरोबर यायच्या.

गल्लीत सांगितलं. तिन्ही घरी, चहा न घेता. पहिल्या घरी तिथल्या वहिनी हसल्या. "जाऊ द्या हो सर, किती मनाला लावून घेता! तिचं लक्ष नसायचंच कामात." मी म्हणालो, तिचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "तुमचा स्वभावच मऊ." दुसऱ्या घरी कळलं की त्यांची चांदीची वाटी मागच्या वर्षी गेली होती, आणि माझ्याकडचा प्रकार कळल्यावर ती कुणी नेली असेल ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हणालो, अहो, त्याचा आणि याचा काय संबंध? तिथले गृहस्थ म्हणाले, "एकदा विश्वास उडाला की उडाला, सर. तुम्हीच डोळे उघडलेत." तिसऱ्या घरी नवीन बाई सकाळी सहाला येते, लवकर आटपते, आता बदल नको, एवढंच. मी जितकं सांगत गेलो तितका मी मोठ्या मनाचा ठरत गेलो आणि मावशी दोषीच राहिल्या. तिथून घरी येऊन मी टेबलाच्या खणातल्या लिटमसच्या पट्ट्या चुलीत टाकायला निघालो, आणि मग लक्षात आलं की आमच्याकडं चूल नाही, गॅस आहे. कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

बायकोचा खोकला महिन्या-दीड महिन्यात गेला. गाडीत आता वास नाही, बल्ब जात नाहीत. ती मात्र एसटीनंच जाते. भोरहून नसरापूर, तिथं तासभर थांबून वेल्ह्याची गाडी. मी एकदा म्हणालो, आता गाडी सुरक्षित आहे. ती म्हणाली, "असेल." तिच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत.

दिवाळीत तिनं स्वतः फराळाचा डबा भरला. चकल्या, करंज्या, वर दोन बेसनाचे लाडू. मला सांगितलं नाही, मावशींकडं एकटीच देऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क माझ्याकडं नव्हता.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी मावशींची धाकटी मुलगी, माहेरी आलेली, डबा परत द्यायला आली. दारातूनच देऊन गेली. बायकोनं झाकण उघडलं. आमच्याकडं कुणी डबा रिकामा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. डबा घासून लख्ख केलेला होता, आत पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता. रिकामा होता.

बायकोनं झाकण लावलं आणि डबा मांडणीवर ठेवला.